अंदाजे रक्कम लिहा

नोकरदार माणसाला स्वतःच्या उत्पन्नाबद्दल मत असावं लागत नाही. त्याला पगार असतो. महिनाअखेरीला स्लिप येते. तिच्यात एका बाजूला मिळालेलं, दुसऱ्या बाजूला कापलेलं आणि तळाशी उरलेलं. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा. टक्के अधूनमधून बदलले, पण कापायची रीत तीच. हल्ली १२ टक्के त्याचे आणि १२ टक्के मालकाचे. हे पैसे कधी हाताला लागलेलेच नसतात, त्यामुळे गेल्याचं दुःख होत नाही. निवृत्तीच्या वेळी ते एकरकमी समोर येतात आणि आपण जन्मभर काटकसर केली अशी त्याची समजूत होते. सेवानिवृत्तीच्या सत्काराला तो तरुणांना बचतीवर चार शब्द सांगतो, ते या समजुतीतूनच.

स्वतःचा धंदा करणाऱ्याला पगार नसतो, नुसतं मत असतं. आणि ते मत समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. मुलाचं लग्न ठरवायला पाहुणे आले की उत्पन्न 'तसं बरं चाललंय' असतं, म्हणजे आकडा पाहुण्यांनी आपल्या मनानं धरावा आणि तो मोठाच धरावा. बँकेत कर्ज मागायला गेलं की ते दर वर्षी वाढत असतं. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की त्याच दिवशी पार्ट्यांकडे पैसे अडकलेले असतात. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढायचा असला की ते इतकं खाली येतं की दाखला देणाऱ्यालाच आपली कणव यावी. आमच्याकडे वर्षाला एक लाखापर्यंतचं उत्पन्न असलेल्यांना केशरी शिधापत्रिका मिळते आणि त्यावरच्यांना पांढरी. चारचाकीची काच खाली करून डॅशबोर्डवरून केशरी कार्ड काढून देणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांना खोटारडं म्हणवत नाही. त्यांचं एक उत्पन्न केशरी असतं आणि दुसरं पेट्रोलवर चालतं.

मी भाषांतरं करतो, म्हणजे याच जातकुळीतला. पुढच्या वर्षी मला किती पैसे मिळतील हे मला, माझ्या प्रकाशकांना आणि भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या राशिभविष्याला सारखंच ठाऊक आहे.

सगळ्या जगातल्या सरकारांची अडचण इथूनच सुरू होते. म्हातारपणी पेन्शन द्यायचं, आजारपणात हात द्यायचा, तर त्यासाठी आधी हप्ता घ्यायला हवा. नोकरदाराचा पगार आधी येतो, मग त्यातून हप्ता कापतात. आमच्यासारख्यांचा हप्ता दर महिन्याला लागतो आणि कमाई तिच्या सवडीनं येते. जे अजून आलंच नाही, त्याचे टक्के कसे काढायचे? या प्रश्नावर देशोदेशीच्या कारकुनांच्या पिढ्या खपल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांना शेवटी एकच उत्तर सुचलं. ज्याचं उत्पन्न, त्यालाच विचारा.

माझा भाचा स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला असतो. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. तिथं अशा माणसांसाठी सामाजिक सुरक्षेची वेगळी योजना आहे आणि तिच्यात ३३ लाखांहून जास्त लोक आहेत. न्हावी, सुतार, वकील, टॅक्सीवाले, बारवाले आणि आमचा चित्रकार, सगळे एका यादीत. त्यानं फोनवर हे प्रकरण समजावून सांगितलं तेव्हा तो हसत होता, म्हणून मला आधी वाटलं थट्टा चाललीय.

"मामा, २०२२ पर्यंत इथं काय होतं माहितीय? हप्ता किती उत्पन्नावर लावायचा ते ज्याचं त्यानंच निवडायचं. खरं उत्पन्न कोणी बघायचंच नाही."

"मग लोक काय निवडायचे?"

"तूच सांग."

बहुतेकांनी यादीतल्या सगळ्यात खालच्या आकड्यावर बोट ठेवलं होतं. यात खास स्पॅनिश असं काहीच नाही. अलिबागेत यादी लावली असती तरी खालच्या ओळीवरच बोटांचे ठसे उमटले असते. तो खालचा हप्ता २०२२ मध्ये महिन्याला २९४ युरो होता. ज्याची दुकानदारी जोरात आहे तोही २९४ भरायचा आणि ज्याला महिन्याला जेमतेम ३०० युरो सुटतात तोही २९४. दुसऱ्याला मग उरलेल्या सहा युरोंत महिना काढायचा. पण खरी मेख पुढे होती. पेन्शन ठरतं भरलेल्या हप्त्यावरून. जन्मभर खालच्या ओळीवर बोट ठेवलेला दुकानदार पासष्टीला पोचला की खालच्या ओळीतलंच पेन्शन घेऊन घरी यायचा आणि देशात न्याय उरला नाही म्हणायचा.

मग १ जानेवारी २०२३ पासून नवी पद्धत आली. आता हप्ता खऱ्या उत्पन्नावर. उत्पन्नाच्या १५ पायऱ्या केल्या. महिन्याला ६७० युरोपर्यंत निव्वळ कमाई असणारा सगळ्यात खाली, ६,००० च्या वरचा सगळ्यात वर. पहिल्या वर्षी खालच्या पायरीला २३० युरो आणि वरच्या पायरीला ५००. पुढे दर वर्षी खालचा हप्ता थोडा उतरवत आणि वरचा चढवत नेला. २०२५ मध्ये ते सुमारे २०० आणि ५९० झाले. कागदावर हे इतकं रास्त दिसतं की यात विनोद शोधणं बरं नाही. फक्त खरं उत्पन्न वर्ष संपल्यावर कळतं आणि हप्ता जानेवारीपासून चालू होतो. तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकानं सरकारला कळवायचं की या वर्षी आपण महिन्याला सरासरी किती कमवू असं आपल्याला वाटतं.

चित्रकाराला हा प्रश्न विचारायचा म्हणजे काय! माझा भाचा स्वभावानं आशावादी आहे. पहिल्या वर्षी त्यानं मधली एक पायरी निवडली, कारण एका मोठ्या मालिकेचं काम मिळणार होतं. त्याच्या शेजारचा प्लंबर निराशावादी. त्यानं खालची पायरी धरली आणि त्या वर्षी शहरातले निम्मे नळ त्याच्याकडे आले. आपण काय कमवू या प्रश्नाचं उत्तर माणूस आकड्यात देतो, पण त्यात त्याची पत्रिका, त्याच्या वडिलांचा स्वभाव आणि सकाळी कॉफी कशी झाली होती हे सगळं येतं. सामाजिक सुरक्षेच्या तिजोरीला मात्र फक्त आकडा दिसतो.

सरकार निर्दय नाही. अंदाज चुकतोय असं वाटलं तर तो वर्षातून सहा वेळा बदलायची मुभा आहे, दर दोन महिन्यांनी एकदा. आपलं हवामान खातं मान्सूनचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये देतं आणि मेअखेरीला तो सुधारतं. म्हणजे अख्ख्या देशाच्या पावसाला दोन अंदाज आणि एका चित्रकाराच्या कमाईला सहा. भाचा म्हणतो, दर दोन महिन्यांनी तो मोबाइलवर ते सरकारी ॲप उघडतो, स्वतःच्या आयुष्याचा आढावा घेतो, खिन्न होतो आणि काही न बदलता बंद करतो. आपल्याकडे हे काम ३१ डिसेंबरला एकदाच होतं. दर दोन महिन्यांनी आत्मपरीक्षण करायला लावणारं सरकार मला तरी जरा जाचकच वाटतं.

निव्वळ उत्पन्न काढायची रीतही ऐकण्यासारखी आहे. कमाईतून खर्च वजा करायचा. मग भरलेला हप्ता, जो खर्चात धरलेला असतो, तो परत मिळवायचा. आणि मग त्या बेरजेतून ७ टक्के किरकोळ खर्चापोटी वजा करायचे, ज्याच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. या सात टक्क्यांनी माझं मन जिंकलं. 'पैसे गेले, पण नेमके कशात ते सांगता येणार नाही' ही व्यावसायिकाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बाब आहे. ती कायद्यात आणून तिला टक्केवारी देणाऱ्या अधिकाऱ्याचं घरी नक्कीच हिशोबावरून भांडण होत असणार.

आता वर्ष संपतं. पुढच्या वसंतात लोक प्राप्तिकराची विवरणपत्रं भरतात. ती तपासून कर खातं खरे आकडे सामाजिक सुरक्षेच्या तिजोरीला कळवतं. तिजोरी प्रत्येकाचा अंदाज आणि त्याची खरी कमाई शेजारी शेजारी ठेवते. ज्यानं जास्त भरले त्याला फरक परत. ज्यानं कमी भरले त्याला पत्र, की एवढे एवढे युरो पुढल्या महिनाअखेरपर्यंत भरा. मुदतीत भरले तर व्याज नाही, दंड नाही. सगळं अत्यंत सभ्य. पण या सभ्यतेला वेळ लागतो. २०२३ च्या अंदाजाचे निकाल लोकांच्या हाती पडेपर्यंत २०२५ उजाडलं होतं. त्या निराशावादी प्लंबरला चांगल्या वर्षाचं बिल अशा महिन्यात आलं, जेव्हा नळ गळायचे थांबले होते. सुबत्तेच्या वर्षातला फरक टंचाईच्या वर्षात भरायचा, आणि टंचाईच्या वर्षात जास्त भरलेले पैसे सुबत्ता आल्यावर परत मिळायचे, अशी ही रचना. माझ्या भाच्याला पैसे परत मिळाले, कारण त्या मालिकेचं काम दुसऱ्याला गेलं होतं. खात्यात रक्कम जमा झालेली पाहून घरात आनंद झाला. सरकार दरबारी आपण गरीब असल्याचं सिद्ध झालंय, हे बायकोनं लक्षात आणून देईपर्यंत तो टिकला.

नव्याचे नऊ दिवस आपल्याकडे. स्पेनमध्ये नव्याचे बारा महिने. धंदा पहिल्यांदाच सुरू करणाऱ्याला पहिलं वर्ष सरसकट ८० युरो, आणि त्या काळाची नंतर फेरतपासणीही होत नाही. कमाई अगदीच थोडी असली, तर दुसरं वर्षही तसंच मिळू शकतं. त्यानंतर मात्र तोट्यात असलात तरी किमान हप्ता चुकत नाही. पूर्वी तर महिन्याच्या २९ तारखेला नाव नोंदवलं तरी अख्ख्या महिन्याचे पैसे घ्यायचे. २०१८ पासून दिवसांच्या हिशोबानं घेतात, तेही वर्षातल्या पहिल्या तीन नोंदणींपुरतंच. म्हणजे माणूस वर्षात चौथ्यांदा धंदा सुरू करतोय, तर त्याला सवलत नको, समुपदेशन हवं, असं तिथल्या कायदेमंडळाचं मत दिसतं.

जर्मनीत याच कोड्याची एक जास्त हळवी आवृत्ती आहे. लेखक, चित्रकार, वादक अशा कलावंतांच्या सामाजिक विम्यासाठी तिथं १९८३ पासून एक स्वतंत्र संस्था आहे, विल्हेल्म्सहाफेन या बंदराच्या गावी. कलावंतानं हप्त्याचा निम्मा भाग भरायचा. उरलेल्या निम्म्यातला बराचसा भाग प्रकाशक, गॅलऱ्या, ऑर्केस्ट्रा, म्हणजे कलावंताचं काम विकत घेणारे भरतात, आणि बाकीचा केंद्र सरकार. प्रकाशक कवीच्या म्हातारपणाला हातभार लावतो, हे वाक्य मी मराठीत लिहून पाहिलं. व्याकरण बरोबर आहे.

तर या संस्थेलाही उत्पन्नाचा अंदाज हवा असतो. दर वर्षी १ डिसेंबरच्या आत कवीनं कळवायचं, येत्या वर्षी आपण किती कमवू. वर्षाला ३,९०० युरो ही किमान रेषा. (मराठी कवींनी हा आकडा रुपयांत वाचावा. तरीही वाईट वाटलं तर वाचू नये.) सहा वर्षांत दोनदा तिच्याखाली गेलं तरी चालतं, तेवढा दुष्काळ कलेला गृहीत धरलेला आहे. आणि अंदाज चुकला तर? वर्षाच्या मध्ये कळवायचं, हप्ता पुढच्या महिन्यापासून बदलतो. मागचं झालं गेलं गंगेला मिळालं. काही जणांना निवडून मागच्या काही वर्षांचे खरे आकडे मागवतात, म्हणजे कोणी फारच कल्पनाशक्ती वापरू नये. स्पेन आणि जर्मनीत फरक हाच: स्पेनमध्ये वर्तवलेल्या भविष्याचा दोन वर्षांनी हिशोब चुकता होतो, जर्मनीत ते मागे वळून दुरुस्त होत नाही. जर्मन कवी आजारी नसेल तर निवांत झोपत असणार.

ब्रिटिशांनी हा प्रश्न विचारायचंच टाळलं, ते शिष्टाचारात बसत नसावं. १९४८ मध्ये राष्ट्रीय विमा आला तेव्हा कार्डावर दर आठवड्याला स्टॅम्प चिकटवायचे. हल्ली गेल्या वर्षी जेवढा कर आणि विमा झाला त्याचा निम्मा ३१ जानेवारीला आणि निम्मा ३१ जुलैला आगाऊ घेतात आणि फरक नंतर मिटवतात. गेल्या वर्षी झालं तेच यंदा होईल, अशी ती श्रद्धा. त्या बेटाच्या इतिहासाला ती शोभून दिसते.

आता घरी येऊ. आपल्या सरकारनं या सगळ्यांचा अभ्यास केला असेल किंवा नसेल, पण आम्हा लोकांचा नक्कीच केला आहे. उत्पन्न विचारलं तर काय ऐकावं लागेल याची त्याला पूर्ण कल्पना असावी. म्हणून त्यानं वय विचारलं.

२०१९ सालची प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना घ्या. असंघटित कामगारांसाठी आहे. अठराव्या वर्षी शिरलात तर महिन्याला ५५ रुपये, एकोणतिसाव्या वर्षी १००, चाळिसाव्या वर्षी २००. तेवढेच सरकार घालतं, आणि साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये पेन्शन. उत्पन्न महिन्याला १५,००० च्या आत हवं, पण ते आपणच सांगायचं, आणि ते सांगण्यात आपल्याइतकं तरबेज कोणी नाही. किरकोळ दुकानदारांसाठीही अशीच योजना त्याच वर्षी आली. त्याआधीची, २०१५ ची, अटल पेन्शन योजना. तिच्यात साठीनंतर १,००० ते ५,००० रुपयांपैकी काय हवं ते निवडायचं. ५,००० हवेत, तर अठरा वर्षांच्या पोराला महिन्याला २१० रुपये आणि चाळीस वर्षांच्या माणसाला १,४५४. उत्पन्न घटलं-वाढलं म्हणून हप्ता बदलत नाही. फार तर पेन्शनची पायरी वर्षातून एकदा बदलता येते. सुतार पावसाळ्यात बसून राहिला, चपला शिवणाऱ्याला लग्नसराईत उसंत मिळाली नाही, हप्ता तोच. २०१५ साली अठराव्या वर्षी शिरलेल्या मुलाला २०५७ साली महिन्याला पाच हजार मिळतील. तोवर त्या पैशात कटिंग चहा येत असला तर बरं.

कोणी म्हणेल, आपल्याकडे दुसरी वाटच नव्हती. तसं नाही. महाराष्ट्रात ती होती, आणि हमालांनी काढली. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला. माथाडी आज या गाळ्यावर, उद्या त्या ट्रकवर. त्याला धड मालक नाही की महिन्याचा पगार नाही. तेव्हा त्याला भविष्य विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. माल उतरला की व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावर टक्केवारीनं लेव्ही माथाडी मंडळात भरायची. टोळीची मजुरी मंडळ वाटणार, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी वगैरे बघणार. जितकी पोती, तितकी मजुरी. जितकी मजुरी, तितका निधी. अंदाज नाही, फेरतपासणी नाही, दोन वर्षांनी पत्र नाही. स्पेनच्या १५ पायऱ्या आणि सहा दुरुस्त्या ज्या ठिकाणी पोचायला धडपडतात, तिथं मशीद बंदरचा हमाल पाठीवर पोतं घेऊन आधीच पोचलेला होता. आता सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यात ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीचे १ ते २ टक्के अशा कामगारांसाठी घालायचे आहेत. कल्पना मला ओळखीची वाटते. फरक एवढाच की या खेपेला पोतं मोटरसायकलवर आहे.

मी या कुठल्याच योजनेत बसत नाही. चाळिशी कधीच ओलांडली, आणि अटल पेन्शनमध्ये तर ऑक्टोबर २०२२ पासून कर भरणाऱ्यांना नव्यानं घेतही नाहीत. उत्पन्नाबद्दलचं माझं मत प्राप्तिकर खात्यानं थोडं गंभीरपणे घेतल्याचा हा परिणाम.

आमच्या गल्लीतले इस्त्रीवाले मात्र बसत होते. टपरी स्वतःची, मालक नाही, कर नाही. मागे एकदा मीच त्यांना भरीला घालून बँकेत पाठवलं, की जा, अटल पेन्शनचा फॉर्म भरा, कागद फार लागत नाहीत. परत आले आणि थेट कपड्यांना हात घातला.

"काय झालं?"

"नाही बसत म्हणाले, काका. चाळीसच्या वर गेलो म्हणे."

"अहो, तुम्ही तर अडतीस म्हणत होता."

"आईच्या हिशोबानं अडतीसच. पोळ्याच्या आदल्या दिवशीचा मी. आधारवर १ जून आहे."

१ जून म्हटल्यावर पुढचं सगळं कळलं. महाराष्ट्रात एका पिढीचे निम्मे लोक १ जूनला जन्मलेले आहेत, कारण शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला हाताला धरून आणलं की गुरुजी त्याच्याकडे नीट पाहायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचे आणि दाखल्यात तारीख लिहायचे. पट भरायचा असला की पोराला दोन वर्षं मोठं करायचे. म्हणजे उत्पन्नाचा नाही तरी वयाचा अंदाज आपल्याकडेही घेतला गेला होता. तो सहा वेळा बदलायची सोय मात्र नव्हती.

"मग आता दुरुस्ती करून घ्या की. शाळेतून दाखला आणा, गुरुजींना भेटा. आहेत का ते?"

"आहेत ना," इस्त्रीवर पाणी शिंपडत ते म्हणाले. "चांगले ठणठणीत आहेत. जिल्हा परिषदेचं पेन्शन घेतात."